ठकूची थाप

एक होता राजा. पण राजाला बसू दे जरा सिंहासनावर, त्याला कुठं एवढं काम असतं? आधी रंगाऱ्यांचं ऐका. म्हणजे आपलंच ऐका. पांघरूण नीट घ्या, आणि चुळबुळ केलीत तर गोष्ट गिळून टाकीन, बरं का.

तर राजाच्या गडाखाली नदी आणि नदीकाठी रंगाऱ्यांची वस्ती. काठ कसला, रंगांचं माहेरच ते! पळसाच्या फुलांतून केशरी निघायचा, मंजिष्ठेच्या मुळांतून लाल, डाळिंबाच्या सालीतून पिवळा. आणि नीळ? दिसायला साधी हिरवी झुडपं. बघणाऱ्याला वाटावं, शेळीला घालावीत. पण त्या पाल्यातून असा निळा उतरायचा की आभाळानं वाकून बघावं. आहे का असा रंग दुसऱ्या कुणाकडे? नाव घ्या!

राजाच्या पणजोबानं रंगाऱ्यांना शब्द दिला होता. दर रथसप्तमीला गडावर नवं निळं निशाण द्या, काठ तुमचा. ज्या वर्षी निशाण चुकेल, त्या वर्षी काठ सोडा. आता या राजाला तिथं घोड्यांची पागा बांधायची होती. तो वाटच बघत होता मेला.

वस्तीत निळीचा एक मोठा रांजण होता. त्याला सगळे आत्याबाई म्हणायचे, कारण मान तसाच. गूळ द्यायचा, चुना द्यायचा, थंडीत गोधडी गुंडाळायची. एवढं करून आत्याबाई रुसली तर रुसलीच. मग फेस येत नाही, आणि फेस नाही तर रंग नाही. त्या वर्षी रथसप्तमी तोंडावर आली आणि थंडी अशी पडली, की आत्याबाई रुसून बसली.

यावर रंगाऱ्यांचा एकच उपाय. कुणी तरी मोठी थाप मारायची. लोकांना ती खरी वाटली की आत्याबाईला हसू फुटतं, आणि हसू फुटलं की फेस येतो. पण रांजण सांभाळणाऱ्या सटवाजीच्या थापा गावाला पाठ झालेल्या. कोण ऐकणार? मग त्यानं लेकीला गळ घातली. लेकीचं नाव ठकू, पण पोरीनं जन्मात कुणाला ठकवलं नव्हतं. म्हणूनच तिचं सगळे खरं मानायचे. ठकूला रडू आलं. पण काठ गेला तर नीळ कुठं लावणार? मग डोळे पुसून गेली बिचारी पाणवठ्यावर.

पहिल्यांदा म्हणाली, आमच्या कोंबडीनं निळं अंडं घातलं. बाया म्हणाल्या, दाखव बघू! ठकू कानापर्यंत लाल झाली. रांजण गप्प.

मग म्हणाली, राजाच्या हत्तीला शिंगं फुटली. गाव धावलं बघायला. रांजणात जरासा फेस आला. पण लोक हत्ती बघून, ठकूला नावं ठेवत परत आले आणि फेस बसला.

मग ठकूनं डोकं चालवलं. जे लोकांना लगेच जाऊन बघता येणार नाही, असंच काही तरी सांगायला हवं. ती म्हणाली, यंदा रथसप्तमीला राजा निळ्या हातानं निशाण चढवणार आहे. लोकांना ते इतकं आवडलं, की जो तो दुसऱ्याला सांगत सुटला. आणि इकडे आत्याबाई खदखदून हसली! रांजणभर फेस आला, वर तांबूस साय आली. सटवाजी नाचायचाच बाकी राहिला.

पण गोष्ट गडावरही गेली की! दुसऱ्या दिवशी राजा तणतणत खाली आला. माझ्या नावानं थापा मारता? रांजणात डोकावतो तर पाणी हिरवं. शिकलेल्या रंगाऱ्याला ठाऊक असतं, नीळ रांजणात हिरवीच असते. राजाला काय ठाऊक? त्याला वाटलं, शेवाळ दाखवून फसवतात. म्हणून त्यानं सगळ्यांसमोर कोपरापर्यंत हात बुडवला आणि बाहेर काढला. हिरवागार! झालं, म्हणाला, निळा नाही तर निशाण कसलं? उद्या काठ सोडा.

सटवाजीची मान खाली गेली. ठकू मात्र पुढं आली.

"महाराज, हात जरा वाऱ्यावर धरा."

राजानं धरला. आणि बाळांनो, बोटांच्या टोकांपासून हिरव्याचा निळा व्हायला लागला! बघता बघता कोपरापर्यंत निळाभोर. राजानं शिकेकाईनं धुतला, राखेनं घासला, चिंच चोळली. जाईल तर शपथ!

ठकू म्हणाली, "आमची नीळ उठायला थाप लागते, महाराज. उठली की मात्र ती खोटं बोलत नाही."

राजा हात बघत राहिला. मग त्यालाही हसू आलं. म्हणाला, "ज्यांचा रंग माझ्या हातावरून जात नाही, ती माणसं माझ्या काठावरून कशी जातील?"

पागा राहिली बाजूला. सटवाजीनं त्याच रांजणात निशाण बुडवलं, आणि रथसप्तमीला राजानं ते निळ्या हातानं चढवलं. सगळा गाव बघत होता. ठकूची थाप खरी झाली, आणि आपल्या माणसांच्या माना अशा ताठ झाल्या म्हणून सांगू!

खरं का खोटं, ते विचारू नका. रंगाऱ्याच्या घरात तसं विचारत नाहीत, फेस आला का विचारतात. राजाचा हात निळा, ठकूचा काठ हिरवा, आता माझ्या रंगाऱ्यांनो, डोळे मिटा.