पोवळ्यांच्या खडकावरची भरती

पूर्वी वेलापट्टण नगरात सेतुवर्मा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका नावाड्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सुतीर. किनाऱ्यापासून कोसभर आत समुद्रात पोवळ्यांचा खडक होता. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीला जोर नसतो, पाणी नितळ असते. तेव्हा सुतीर लोकांना तेथे नेई. नावेतून वाकून पाहिले की तांबडी-जांभळी पोवळी झुडपांसारखी पसरलेली दिसत. चोचीसारख्या तोंडाचे हिरवे मासे ती कुरतडत, कपारीतून सापासारखा वाम मासा डोके काढी, एखादे कासव सावकाश खालून जाई. "हात लावू नका," सुतीर सांगे, "तो नुसता दगड नाही, त्यात जीव आहे."

तिथल्याच कुंडक नावाच्या नावाड्याची नाव मोठी होती, दंडांत बळही जास्त होते. तरी लोक सुतीरची वाट पाहत थांबत. सुतीरच्या नावेतले हसणे पाण्यावरून ऐकू आले की कुंडकाच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा त्याची बायको सहज म्हणाली, "सुतीरभावोजींनी दाखवले तेव्हा कुठे मला मासे दिसले." तेव्हापासून तो तिच्याशीही नीट बोलेना.

एका पौर्णिमेला सकाळी राणी खडक पाहायला आली. सुतीर हात जोडून म्हणाला, "महाराणी, आज उधाण आहे. खडकापाशी पाण्याला फार ओढ असेल. आठ दिवस थांबावे."

"तो भितो," कुंडक पुढे होऊन म्हणाला. "मी नेतो."

सुतीरने त्याला बाजूला घेतले. "कुंडका, हट्ट करू नकोस."

"एकदा मला मान मिळतोय, तर तुला बघवत नाही होय?"

राणी दासीसह कुंडकाच्या नावेत बसली. आपली लहान नाव घेऊन सुतीर मागोमाग गेला.

चढत्या भरतीच्या ओढीने कुंडकाची नाव खडकावर आपटली आणि तळ फुटला. सुतीरने राणीला व तिच्या दासीला आपल्या नावेत घेतले. नाव तिघांपुरतीच होती. कुंडक पोवळ्यांना धरून होता, तळहात रक्ताळले होते. सुतीर खडकावर गुडघाभर पाण्यात उतरला आणि वल्ही त्याच्या हाती देत म्हणाला, "तुझ्या दंडांत बळ आहे. तू यांना लवकर पोचवशील."

वल्हवताना कुंडकाला वाटले, मरणाच्या दारातही हाच मोठा ठरला.

किनाऱ्यावर राणी बेशुद्ध होती, दासीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. धावत आलेल्या राजाने आपला हार काढून कुंडकाच्या गळ्यात घातला. लोकांनी जयजयकार केला. आयुष्यभर हवे होते ते सारे त्याला मिळाले होते, आणि गप्प राहिले की ते त्याचेच राहणार होते. त्याने समुद्राकडे पाहिले. पाणी चढले होते, खडकावर फुटणारा फेसही दिसेनासा झाला होता.

"ही नाव माझी नाही," तो म्हणाला. हार वाळूवर ठेवून तो धावत नावेत चढला.

सुतीर हनुवटीपर्यंत पाण्यात उभा होता. कुंडकाने त्याला वर ओढले.

"मी परत येईन असे वाटले होते तुला?"

"खात्री नव्हती," सुतीर धापा टाकत म्हणाला. "पण नावेत जागा एकाचीच होती."

कुंडक रडू लागला. मग दोघांनी मिळून वल्ही मारली.

आपल्या सोबत्याचे प्रवचन ऐकायला गर्दी होते म्हणून मनात जळणाऱ्या एका भिक्खूला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तेव्हाचा कुंडक तू होतास, तुझ्या गळ्यात हार घालणारा राजा हा तुझा सोबती होता, आणि सुतीर मीच होतो. आपला द्वेष करणाऱ्यालाही आपल्या नावेत जागा देणे, हीच मैत्री."