साहेबांच्या केबिनचा दिवा

माझी जाऊ हौसा एका कचेरीत झाडलोट करायची, तिथली ही गोष्ट. तीन मजली इमारत, मधे चौक आणि सगळ्यांत वर काचेच्या केबिनमध्ये खानविलकर साहेब. त्या केबिनचा दिवा जळतोय तोवर खाली कोणी उठायचं नाही. कामं पाचलाच उरकायची, तरी दिवे, एसी चालू ठेवून माणसं वर डोळे लावून बसायची.

विजेचं बिल फुगलं. साहेबांनी हौसाला धरलं. "बाई, दिवे बंद करणं तुमचं काम. जमत नसेल तर उद्यापासून दुसरी बघतो."

"जमेल की. पण कुठलंही बटण दाबायची मुभा द्या."

"दाबा. दोनशे बटणं आहेत, पळून पळून दमाल."

सहा वाजता हौसानं साहेबांच्याच केबिनचा दिवा मालवला. ते ओरडणार तोच म्हणाली, "घटकाभर खाली बघा."

साहेब निघाले असं समजून माणसांनी पिशव्या उचलल्या, आपापली बटणं दाबली. तिन्ही मजले अंधारले.

"मी एकच दाबलं, साहेब. बाकीची तुमच्या माणसांनी. आता रोज हे एक वेळेवर कोणी दाबायचं, तुम्ही का मी?"

हौसाची नोकरी टिकली. साहेब सहाला घरी जायला लागले, त्यांच्या बायकोला तेवढा ताप वाढला.