पाटलीची लाल पोरं

धातूंनाही नातेवाईक असायचे, त्या काळातली गोष्ट. एका सोनाराने सोन्याच्या पाटलीचा टवका तोडला, तेजाबात विरघळवला आणि वर लिंबू पिळून उकळला. त्याचे इतके बारीक कण झाले की त्यांच्यातून उजेड निघायचा तो लाल होऊन. सोनाराने ती बाटली पाटलीशेजारीच ठेवली.

“आई, आम्ही आलो,” कण म्हणाले.

पाटलीने नीट पाहिलं. “आमच्या घरात सगळे पिवळे. तुम्ही कुंकवाच्या दुकानातले दिसता.”

“अगं, तुझेच आहोत. बारीक झालो, लांब लांब राहतो, म्हणून लाल दिसतो.”

“मग जवळ या आणि पिवळे होऊन दाखवा.”

अंगाला चिकटलेल्या लिंबाच्या रसामुळे त्यांना जवळ येता येईना. त्यांनी सोनाराच्या जेवणाच्या डब्यातल्या मिठाला हाक मारली.

“मी चिकटवीन तुम्हाला,” मीठ म्हणालं, “पण हा रंग परत मिळणार नाही.”

“आई ओळखेल ना?”

“ते मला काय माहीत. मी मीठ आहे.”

मीठ बाटलीत पडलं. कणांनी एकमेकांना घट्ट धरलं. पाणी जांभळं झालं, मग निळं, मग तळाशी काळा गाळ बसला. सोनाराने तो घाण समजून गटारात ओतला.

पुढे गटारातलं सोनं धुऊन काढणाऱ्या झारेकरणीने तो गाळ वितळवला आणि सोनारालाच विकला. त्याने त्याच सोन्याने पाटलीचा टवका भरला. कण आता पिवळेधमक होते.

पाटली शेजारच्या अंगठीला म्हणाली, “ती लाल पोरं कुठे गेली गं? मला आई म्हणायची.”

भरलेला टवका तिच्याच अंगात होता. तो आता पाटलीच होता.