आंधळ्या खिंडीतली ठकाई

फार वर्षांपूर्वी, माझ्या खापरपणज्याच्याही आधीच्या काळी, करपीच्या माळावर धनगरांची काही बिऱ्हाडं राहत होती. एका साली माळ असा वाळला की मेंढरं ओलाव्यासाठी दगड चाटू लागली. माणसाला पोचता येईल असं पाणी उरलं होतं ते एकाच ठिकाणी, पश्चिमेच्या उंच डोंगरात, आंधळ्या खिंडीपलीकडच्या झऱ्याला. दिवसभरात तिथं पोचायचं, नाहीतर वाटेत मरायचं. तहान लागल्यावर विहीर खणायची माणसाची खोड जुनीच. ही मंडळीसुद्धा मडकी कोरडी पडल्यावरच निघाली.

त्यांच्यात ठकूबाई नावाची म्हातारी होती, आता माळावर जिला ठकाई म्हणतात ती, तोंडानं फटकळ आणि पायानं काटक. तिची सून पारू ओली बाळंतीण. ती तान्ह्या लेकीला घेऊन घोड्यावर बसली होती. पारूचं दूध आटलं होतं, आणि म्हातारीचा सगळा जीव त्या नातीत अडकला होता.

माळ इतका तापला की खुरांखाली दगड तडकत होते, असं म्हणतात. दुपारी पोरगी रडायची थांबली. रडणाऱ्या पोराची कुणाला भीती वाटत नाही, गप्प झालेल्याची वाटते.

उन्हं कलली तशी चढण लागली. वर खिंडीत धुकं होतं, आपलाच हात आपल्याला दिसू नये असं. दिवसभर भाजलेली माणसं थंडीनं काकडू लागली. अशा वेळी धनगराची रीत ठरलेली, पुढच्या एडक्याच्या गळ्यातल्या घंटीमागं जायचं. एडका कधी चुकत नाही, असं सगळे मानायचे. पण त्या दिवशी त्याला वास आला होता तो कड्याखालच्या डोहाचा. तो सरळ कड्याकडं निघाला, त्याच्यामागून मेंढरं आणि मेंढरांमागून माणसं. पायाखालचा धोंडा निसटला की खालून आवाज यायला फार वेळ लागत होता. मग दोन मेंढरं बाजूनं घसरली आणि खोल खाली धप्प झालं. ठकूबाईनं धावत जाऊन एडक्याचं शिंग धरलं आणि ती त्याच्या गळ्यातली घंटी सोडू लागली.

"आये, जित्या एडक्याची घंटी काढत न्हाईत," तिचा लेक धुळा म्हणाला. "काढंल त्याचा दिवा इझतो."

"माझा इझू दे. पोरीचा ऱ्हायला पायजे," ती म्हणाली. "बापासंगं ह्या वाटंनं आले हाय मी. कातळ चाचपत म्होरं चालते, तुमी घंटीमागं या. झऱ्यापाशी बी मी थांबायची न्हाई. थांबले तर म्होरली मेंढरं अडतील आन् मागली कड्याखाली जातील. शेवटचं कोकरू पाण्याला लागलं की मला हाक मारा. तवर चालतच ऱ्हानार."

घंटी वाजू लागली आणि सगळे तिच्यामागं निघाले. धुक्यात बाजूनं आणखी कुणीतरी चालत होतं, आणि त्याच्या पावलांचा आवाज होत नव्हता, असं म्हणतात. खाली पडलेली मेंढरं कड्याखालून वर येऊन ओरडत होती, असंही म्हणतात. पारूनं पोरीला छातीशी आवळलं आणि डोळे मिटून ती फक्त घंटी ऐकत राहिली.

मग घोड्याचा पाय पाण्यात पडला.

माणसं आणि मेंढरं एकदमच झऱ्यावर कोसळली. पारूनं पदराचं टोक भिजवून पोरीच्या तोंडात पिळलं. पोरगी रडली, तसा धुळाही रडला. पोटं तट्ट होईपर्यंत सगळे प्यायले. घंटीची आठवण झाली तेव्हा ती पार वर, जिथं वाटच नाही तिथं वाजत होती. मग त्यांनी घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. घंटी थांबली नाही. ती बारीक होत गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

धुळानं पुढं सारा डोंगर धुंडाळला, पण आईची वहाणसुद्धा सापडली नाही. कुणी कुणाला दोष द्यायचा? तहानेला कान नसतात. तरी मला त्या माणसांचा राग येतोच.

आजही करपीची मेंढरं त्या झऱ्यावर जातात. घशाला कितीही कोरड पडो, माणसं काठावर थांबतात. शेवटचं कोकरू आलं की घरातली धाकटी सून डोंगराकडं तोंड करून हाक मारते, "आत्याबाई, पोरगी पाणी प्याली वो. थांबा आता." मग सगळे कान देऊन उभे राहतात. वर घंटी वाजत नाही, अशी खात्री झाल्याशिवाय कुणी ओंजळ भरत नाही.