कप्तानाची कात

एका गावात एक भोळा धाकू होता. भोळे तसे प्रत्येक गावात असतात, पण बाकीचे निदान सांगितलेलं अर्धं विसरतात. धाकू काही विसरायचा नाही. सांगितलेलं सगळं गाठ मारून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला ती गाठ नेमकी भलत्याच ठिकाणी सोडायचा.

गाव खाडीकाठचं. घरात धाकू आणि त्याची आई, दोघंच. धाकूचा जीव होता द्वारकीवर. द्वारकी म्हणजे पलीकडच्या तीरावरच्या लखूमामाची लेक. द्वारकीलाही धाकू आवडायचा; का, ते तिचं तिलाच माहीत. मामाची मुलगी म्हणजे रीतीनं हक्काची, पण मामा हक्काचं काही कुणाला देणारा नव्हता. मामा बोटीवर खलाशी. सगळी दुनिया बघून आलेला, त्यामुळे भाच्याकडे बघून त्याला फारसं काही वाटायचं नाही.

एकदा मामा दर्यावरून आला तो झाकणाची टोपली घेऊन. आत अजगर. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरातला. हातात मावेल एवढा, गुटगुटीत, अंगावर काळे-पिवळे ठिपके. घाबरला की डोकं मधे घालून स्वतःचा नारळ करून घ्यायचा. विष नाही, राग नाही, काम नाही. दिवसभर पडून असतो आणि तरी सगळे घाबरतात, म्हणून मामानं त्याचं नाव ठेवलं होतं कप्तान.

मामीनं टोपलीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "या घरात ह्यो तरी ऱ्हवात, नायतर मी तरी!"

मामानं क्षणभर विचार केला. तो क्षण मामीला दिसला, आणि तो पुढे कित्येक दिवस घरात निघत राहिला. मामानं मुकाट टोपली होडीत घातली आणि बहिणीकडे आणली.

"धाकू," मामा म्हणाला, "ह्येका नीट सांभाळलंस तर द्वारकी तुझी. मुक्या जनावराक जो जपता, तो माझ्या चेडवाकय जपतलो. पण ह्येका काय झाला, तर माझ्या होडयेत पाय ठेव नको."

"काय करू, मामा?"

"फार काय नाय. तेका ऊब लागता."

मामा गेला. धाकूनं कप्तानाच्या अंगावर तीन गोधड्या घातल्या. वर आईची शाल घातली. डोक्यात आपली माकडटोपी घातली. ती कप्तानाला पोटापर्यंत आली.

बाजाराच्या दिवशी मामा आला. गोधड्या उचलून बघतो तर कप्तान विहिरीच्या दगडासारखा गार.

"अरे खुळ्या! तेच्या अंगात स्वतःची ऊब नसता. गोधडी घालून काय उपेग? ऊब वरून नाय, खालून दिवची!"

मामानं टोपली चुलीपासून हातभर लांब, कोमट फरशीवर ठेवली. कप्तान हळूहळू हलला. धाकूनं गाठ मारली: ऊब वरून नाही, खालून.

पुढं आईला हिवताप आला. आई बाजेवर हुडहुडत होती. "धाकू, थंडी वाजता रे."

धाकूनं आईच्या अंगावरची गोधडी काढली. नीट घडी करून फळीवर ठेवली. मग निखाऱ्यांची शेगडी फुलवून बाजेखाली सरकवली.

बाज काथ्याची. काथ्या चांगला वाळलेला. आधी आईची थंडी गेली. मग काथ्या गेला. मग आई गेली. फार लांब नाही, खाली जमिनीवर. शेगडी बाजूला कलंडली म्हणून निभावलं.

लुगड्याची किनार विझवत आई ओरडली, "मेल्या, बरा नसलेल्या माणसाक भाजतत? पेज करून भरवची! नको म्हटला तरी घोट घोट भरवची!"

धाकूला फार वाईट वाटलं. त्यानं गाठ मारली: नको म्हटलं तरी भरवावं.

आई बरी झाली. आता कप्तानानं खाणं सोडलं. मामानं सांगितल्याप्रमाणं धाकू रोज मारलेला उंदीर त्याच्यापुढं ठेवायचा. कप्तान उंदराकडे बघायचा, धाकूकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा.

धाकूनं चुलीवर पेज ठेवली. मीठ घातलं. आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते म्हणून लोणच्याचा खार घातला. मग चमचा घेऊन बसला. चमचा बघून कप्तानानं स्वतःचा नारळ केला.

"हो घास मामाचो," धाकू म्हणाला आणि नारळ फिरवून तोंड शोधू लागला. "हो घास द्वारकीचो." तोंड काही सापडेना. पेज कप्तानाला लागली, धाकूला लागली, भिंतीला लागली. भिंतीनं तेवढं नको म्हटलं नाही.

मामा आला तेव्हा कप्तानाच्या पाठीवर भाताची शितं वाळत होती.

"ह्या काय?"

"नको म्हणता, म्हणान भरवतंय."

मामा मटकन खाली बसला. "अरे, ह्येची जातच तशी. मन नसला तर महिना महिना जेवणा नाय, आणि तेका काय होणाय नाय. उंदीर दाखवचो. नको म्हणालो तर मुकाट्यान उचलूचो. आग्रह करूचो नाय! आठ दिसांनी परत विचारूचा."

धाकूनं गाठ मारली: नको म्हटलं की उचलावं. आग्रह नाही. आठ दिवसांनी परत विचारावं.

थोडे दिवस बरे गेले. मग एके सकाळी धाकूनं झाकण उघडलं तर कप्तानाचे डोळे दुधाळ झालेले, निळसर. धाकूला बघून तो चक्क फिसफिसला. आजवर कधी फिसफिसला नव्हता. कप्तान गेला म्हणजे द्वारकी गेली.

"आये, डोळे कसेतरीच दिसतत!"

आई मासे साफ करत होती. कुणाचे डोळे, हे तिनं विचारलं नाही. "डोळे आले असतले. काजळ घाल."

धाकूनं काजळ घातलं. हात बसलाच आहे तर दृष्ट लागू नये म्हणून एक तीटही लावली. मामा आला आणि बघतो तर कप्तान बारशाला निघाल्यासारखा बसलेला.

"डोळे नाय इले रे! ह्यो कात टाकतलो!" मामानं धोतराच्या सोग्यानं काजळ पुसलं आणि धाकूला समोर बसवून एकेक शब्द सांगितला. "डोळे दुधाळ झाले, जेवण सोडल्यान, जवळ गेल्यार फिसफिसूक लागलो, म्हणजे कात इली. मग काळोख करूचो. ओला फडका घालूचा. दार लावन गप बसूचा. ओढूची नाय, आपसूक उतरता. अख्खी उतराक होयी, खंय फाटली तर तुझी निगा वायट. आणि उतरली की तेका भूक लागता. तेवा उंदीर दिवचो. चिमट्यान, शेपटेक धरून, जरा हलवन."

आणि काय सांगावं, धाकूनं हे सगळं जसंच्या तसं केलं! काळोख केला. ओलं फडकं घातलं. टोपलीला पाठ लावून बसला. मांजरालासुद्धा आत येऊ दिलं नाही. कात उतरली ती पायमोज्यासारखी अख्खी. मग कप्तानानं चिमट्यातला उंदीर असा पटकन घेतला की धाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात पहिल्यांदा त्याचं काहीतरी बरोबर आलं होतं.

मामानं ती कात उजेडात धरून बघितली. कुठं भोक नाही, कुठं फाट नाही. त्याचाही ऊर भरून आला. "जनावर जपलंस. येत्या आयतवारी द्वारकीक आणि बायजाआजीक घेऊन येतंय. आजी हो म्हणाली की सुपारी फोडूया."

बायजाआजी म्हणजे मामीची आई. मामी तिला घाबरायची, म्हणजे मामाचं काय ते विचारूच नका. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जिभेला कसलाही आजार नाही.

रविवारी मंडळी आली. आईनं कोंबडी-वड्यांचा बेत केला. आजीला पाटावर बसवलं, पुढं रांगोळी काढली. आई आत वडे तळत होती, द्वारकी तिच्या हाताखाली. वाढायला धाकू.

आता जेवणाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यानं पहिल्या वड्याला नको म्हणायचं, दुसऱ्याला पुरे म्हणायचं, तिसऱ्याला ताटावर आडवा हात धरायचा आणि हातावरून वाढलेले चार खायचे. आजी तर नाकासमोर रीत पाळणारी. होडीतून येताना सगळी वाट तिला वड्यांचाच वास येत होता.

"आजी, वडो वाढू?"

"नको रे बाबा," आजी लाजून म्हणाली.

धाकूनं तिच्यापुढचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

मामाच्या हातातला वडा हातातच राहिला. "धाकू! अरे, आजीक—"

"आग्रह करूचो नाय," धाकू मामाच्या कानात म्हणाला आणि समजूतदारपणे डोळे मिचकावले.

'ताट परत आण' असं आजी कशी म्हणणार? मान आडवा आला. ती तशीच उठली, रिकाम्या तोंडानं चूळ भरली आणि "माका पडाक होया" म्हणत माजघरात जाऊन घोंगडीवर लवंडली. मामाला पुढं घास गिळवेना. तरी त्यानं सहा वडे गिळले.

थोड्या वेळानं धाकू पाणी घेऊन आत गेला. आजी गुडघे पोटाशी घेऊन, डोकं आत घालून पडली होती. चाहूल लागली तसे तिनं डोळे उघडले. दुधाळ, निळसर.

"आजी, पाणी?"

"फूऽऽ! जा हयसून!"

धाकू थबकला. डोळे दुधाळ. जेवण सोडलेलं. वर फिसफिस. त्याला आजीची एकदम माया आली. बिचारी, या वयात! आणि कुणाला पत्ताही नाही!

आजीचा डोळा लागला. धाकूनं खिडकी लावली. विहिरीवर जाऊन दोन चादरी भिजवून आणल्या, हलक्या हातानं आजीवर डोक्यापासून पायापर्यंत पसरल्या, बाहेर आला, कडी लावली आणि दाराला पाठ लावून बसला.

आधी आतून एक किंकाळी आली. मग धडपड. मग ज्या शिव्या आल्या त्या मामानं बोटीवरसुद्धा ऐकल्या नव्हत्या.

मामा धावत आला. "काय झाला? दार उघड!"

"गप, मामा," धाकू कुजबुजला. "सुटाक लागलीहा. ओढूची नाय."

एवढ्यात आतला आवाज थांबला. आजीनं काळोखात चाचपून आपलं चिंब लुगडं फेडलं, वळणीवरचं धाकूच्या आईचं कोरडं लुगडं गुंडाळलं आणि मागच्या दारानं अंगण गाठलं. आई वड्यांचा झारा घेऊन धावली, द्वारकी धावली, मामा धावला, आणि ओरडा ऐकून शेजारपाजारही कुंपणापाशी जमा झाला. आजी मधोमध उभी. केसांतून पाणी गळतंय, अंग थरथरतंय.

धाकू माजघरात शिरला. जमिनीवर आजीचं हिरवं नऊवारी पडलेलं. त्यानं ते उचललं, उजेडात धरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. मग दोन्ही हातांनी डोक्यावर धरून नाचत अंगणात आला.

"मामा! अख्खी उतरली! खंय फाटूक नाय!"

द्वारकीनं पदर तोंडात कोंबला. मामानं डोळे मिटून घेतले; बोट, दर्या, वादळ, सगळं त्याला एकाएकी बरं वाटू लागलं.

धाकूनं लुगडं द्वारकीच्या खांद्यावर टाकलं, धावत आत गेला आणि परत आला. हातात चिमटा. चिमट्यात, शेपटीला धरलेला, उंदीर. तो आजीच्या तोंडासमोर नेऊन त्यानं जरासा हलवला आणि प्रेमानं म्हणाला, "घे, आजी. आता भूक लागली असतली."

"नको!" आजी किंचाळली. "नको! माका ह्यो जावय नको, नको, नको!"

धाकूनं तात्काळ उंदीर मागं घेतला. "बरा, आजी. आग्रह नाय," तो हसून म्हणाला. "आठ दिसांनी परत विचारतंय."