वाटीभर गूळ, वाटीभर कुरमुरे

एक होती इवली. उंदराची पोर. केवढी? तुमच्या अंगठ्याएवढी! कोठीतल्या बिळात राहायची. बिळात पाच भावंडं, पाचही भुकेली.

आई म्हणाली, "इवले, कावळेदादाला हा वाटीभर गूळ दे. तेवढ्याच वजनाचे कुरमुरे आण."

इवली गेली, टुणुक टुणुक. उंच खिडकीत कावळा. त्याने गूळ घेतला. त्याच वाटीत कुरमुरे भरले. "वाटीला वाटी! काव!"

इवलीने वाटी उचलली. अगं बाई! गूळ होता जड जड. कुरमुरे हलके हलके. एवढेसे कुणाकुणाला पुरणार?

"दादा, हे गुळाएवढे नाहीत."

कावळ्याने चोच वाजवली, टक! "तराजू सांगेल, तर देईन. जास्त बोललीस, तर तुलाच खाईन!"

छाती धडधड, शेपटी थरथर. इवली गेली तराजूकडे, टुणुक टुणुक.

"तराजूआजोबा, तराजूआजोबा, गूळ तोला. कावळा देईना, भावंडांची भूक जाईना."

"कसा तोलू, पोरी? माझी दोरी तुटली. कोळी विणेल, तर तोलेन."

छाती धडधड, शेपटी थरथर. कोळी अंधाऱ्या कोपऱ्यात. आठ पाय, सगळे केसाळ!

"कोळीकाका, कोळीकाका, दोरी विणा. तराजू तोलेना, कावळा देईना, भावंडांची भूक जाईना."

"कशी विणू? वारा धागा तोडतो. वारा थांबेल, तर विणेन."

छाती धडधड, शेपटी थरथर. वारा ओरडत होता, सूंऽऽ सूंऽऽ!

"वारेबुवा, वारेबुवा, थांबा. कोळी विणेना, तराजू तोलेना, कावळा देईना, भावंडांची भूक जाईना."

"कसा थांबू? दार उघडं. दार लागेल, तर थांबेन."

छाती धडधड, शेपटी थरथर. दार कण्हत होतं, कर्रर कर्रर!

"दारमावशी, दारमावशी, लागा. वारा थांबेना, कोळी विणेना, तराजू तोलेना, कावळा देईना, भावंडांची भूक जाईना."

"कशी लागू? उंबऱ्यावर झोपलाय बोका. बोका उठेल, तर लागेन."

बोका! मला तर सांगतानाच भीती वाटते. इवलीला वाटलं, पळावं आईकडे. पण बिळातून रडणं ऐकू आलं. मग ती गेली. टुणुक… टुणुक…

घुर्र… घुर्र…

"बो… बोकोबा, बोकोबा, उठा. दार लागेना, वारा थांबेना, कोळी विणेना, तराजू तोलेना, कावळा देईना, भावंडांची भूक जाईना."

बोक्याने एक डोळा उघडला. हिरवा! मग दुसरा उघडला. "उठतो की! तुला खायलाच उठतो!"

इवली अंगणात पळाली. बोका मागे! इवली गर्रकन वळली. बोक्याच्या पायांखालून सुळ्ळकन आत!

धाडकन दार लागलं. बोका बाहेरच.

दार लागलं, वारा थांबला. वारा थांबला, कोळ्याने दोरी विणली. दोरी विणली, तराजू म्हणाला, "कावळ्या, आण तो गूळ!"

या पारड्यात गूळ. त्या पारड्यात वाटीभर कुरमुरे. गूळ धप्पकन खाली! कुरमुरे टप्पकन वर!

"अजून," म्हणाला तराजू. दोन वाट्या. "अजून!" तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा!

दोन्ही पारडी सारखी.

"दहा?" कावळा किंचाळला.

"दहाच," म्हणाला तराजू. "गूळ जड, त्याची वाटी एक. कुरमुरे हलके, त्यांच्या वाट्या दहा. दे मुकाट्याने!"

कावळ्याने दिले.

दाराबाहेर बोका ओरबाडतोय, खर्र खर्र. बिळात भावंडं खातायत, कुरुम कुरुम. आणि इवली? आईने तिला पोटाशी घेतलं, तेव्हा कुठे ती रडली. मग रडता रडताच तिने मूठभर खाल्ले.

कुरुम कुरुम!