तरंगेल ते पोचट

एका गावात एक भोळा जावई होता. गावाला त्याचा काही त्रास नव्हता. त्रास होता तो खाडीपलीकडच्या त्याच्या सासऱ्याला. जावयाचं नाव बुधाजी. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करी, आणि तीच तर पंचाईत होती. बायकोने म्हणावं, जरा दाराकडे बघा, मी आलेच. तर कुत्रं आत शिरून भाकरी घेऊन जाई नि हा आपला दाराकडे बघत बसे. शेवटी ती बिचारी येसू कंटाळून माहेरी निघून गेली.

येसूचा बाप धोंडजी मोठा शहाणा. निदान तो स्वतः तरी तसं सांगे. बुधाजी बायकोला न्यायला आला तेव्हा धोंडजीने अट घातली: इथे राहा, चार कामं नीट करून दाखव, मग पोरगी पाठवतो. नाहीतर ती कायमची इथेच. बुधाजी बरं म्हणाला. येसूलाही जायचंच होतं. माहेरी भावजयीच्या हाताखाली राबून बघितल्यावर तिला नवरा पुष्कळ शहाणा वाटू लागला होता.

पेरणी तोंडावर आली होती. धोंडजीने घंगाळात पाणी घेतलं, त्यात मीठ कालवलं आणि भाताचं बी ओतलं. म्हणाला, "हे बघ. तरंगेल ते पोचट, ते सोडून द्यायचं. बुडेल ते खरं, ते ठेवायचं."

"पण तरंगतं का, मामा?"

"पोचट असतं म्हणून."

"आणि पोचट कशावरून?"

"तरंगतं म्हणून," धोंडजी म्हणाला. इतकं सगळं समजावून सांगितल्यावर आणखी काय सांगायचं?

बुधाजीने दिवसभर बी निवडलं. एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही. धोंडजीने त्याची पाठ थोपटली. तिथेच सगळं बिघडलं, कारण बुधाजीला वाटलं, पाण्याची गोष्ट आता आपल्याला कळली.

दुसऱ्या दिवशी सासूने त्याला खरकटी भांडी ओढ्यावर धुवायला दिली. जावयाला कुणी भांडी घासायला लावत नाही, पण अट ती अट. बुधाजी परत आला तो रिकामी टोपली हलवत.

"भांडी कुठायत, जावईबापू?"

"काठवट तरंगली, मामी. पोचट निघाली. रवीही तशीच. दिली सोडून."

"आणि तांब्या? कढई?"

"ते खरे. बुडाले. ते ठेवले."

"कुठं ठेवले?"

"तिथंच. तळाला."

येसूने पदर खोचून ओढ्यातून तांब्या आणि कढई शोधून आणली. काठवट तोवर खाडीला लागली होती. पीठ मळायची ती लाकडी काठवट सासूच्या आईची, त्यामुळे सासू पुष्कळ बोलली, आणि शेवटी तिने बजावलं, की पाण्यावर काही तरंगताना दिसलं तर आधी ते धरायचं. बाकीचं गेलं तरी चालेल, पण ते सोडायचं नाही. बुधाजीने पक्कं ध्यानात ठेवलं.

संध्याकाळी धोंडजी ओटीवर बसला होता. येसूने बुधाजीच्या हाती दुधाचा पेला दिला, आणि नेता नेता त्यात एक माशी पडली. बुधाजी सासऱ्यापुढे उभा राहिला तेव्हा पेला रिकामा होता आणि दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. धोंडजीने विचारलं, दूध कुठाय? अंगणात ओतलं, असं उत्तर आलं.

"मग मुठीत काय आहे?"

"तरंगत होती, मामा. धरून ठेवलीय."

त्याने मूठ उघडून दाखवली. माशी क्षणभरही थांबली नाही. त्या घरात तेवढी तीच शहाणी निघाली.

धोंडजीने बोलणंच टाकलं. येसू चुलीपाशी बसून डोळे पुसू लागली. ते बघून सासूचा जीव कळवळला. तिने नवऱ्याकडून एक शेवटची संधी मागून घेतली आणि जावयाला घारगे तळायला बसवलं. आता चूक व्हायला नको, म्हणून सगळं नीट फोडून सांगितलं.

"तळाला आहे तो कच्चा, त्याला डिवचायचं नाही. शिजला की आपणहून वर येतो, टम्म फुगतो. तरी लगेच काढायचा नाही, एकच बाजू झालेली असते. झाऱ्याने दाबून उलटा करायचा. लाल झाला की मग काढायचा. आणि गरम असतो तोवर हात लावायचा नाही, आधी निथळू द्यायचा."

आणि काय सांगावं, घारगे असे झाले की भावजयसुद्धा गप्प बसली. धोंडजी पोटभर जेवला. पोट भरलं तसा राग उतरला. म्हणाला, ने बाबा पोरीला, मी येतो पलीकडे सोडायला. बापाचं मन बदलायच्या आत येसूने लुगड्यांचं गाठोडं बांधलं.

तिघं होडीत बसली. अर्ध्या वाटेवर बुधाजीने होडीवाल्याला विचारलं, एवढी मोठी होडी बुडत कशी नाही? होडीवाला म्हणाला, पोट रिकामं आहे म्हणून तरतेय. बुधाजीने यावर बराच विचार केला. मग सासऱ्याच्या पोटाकडे बघितलं.

"मामा, तुम्ही घारगे बरेच खाल्लेत."

याचं उत्तर द्यायला धोंडजी ताडकन उभा राहिला. होडी कलली आणि धोंडजी पाण्यात दिसेनासा झाला.

होडीवाल्याने वल्हं पुढे केलं. बुधाजीने ते वरच्या वर धरलं.

"थांब, डिवचू नकोस. तळाला आहेत म्हणजे अजून कच्चे आहेत."

"अहो, बाबा बुडतायत," येसू रडू लागली.

"येतील की आपणहून वर."

आणि धोंडजी आला वर. गाल टम्म फुगलेले, डोळे बाहेर. येसूने हात पुढे केला. बुधाजीने तिला मागे सारलं, एकच बाजू झालीय म्हणाला, आणि वल्ह्याने दाबून सासऱ्याला उलटा केला.

अखेर येसूने आणि होडीवाल्याने धोतराला धरून धोंडजीला होडीत ओढलं. तो खोकला, खाडीचं पाणी ओकला आणि उठून बसला. तोंड रागाने लालबुंद झालेलं. होडी माघारी घे, तो होडीवाल्यावर ओरडला. माझी पोरगी आता या माणसाच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. होडी फिरली. येसू बापाचे पाय धरायला पुढे झाली, तर बुधाजीने तिचा हात हळूच मागे घेतला.

"आत्ताच हात लावू नकोस," तो म्हणाला. "छान लाल झालेत, पण गरम आहेत. आधी निथळू दे."